चौसष्ट वेळा मोडलेली भाकरी

लिही समू. काशिराम नाखव्याचं लिही. मी बोलते तसंच लिही, शाळेसारखं नीट करू नको.

पनवेलच्या कोळीवाड्यात त्याचं घर आनि माझं घर, मधी भिंत एकच. त्यानी तिकडं खोकला काढला की इकडं माझ्या मांडनीवरची ताटली हलते. तुझ्या आज्याचा तो जोडीदार. दोघं बारा वर्सं एका बोटीवर होते. आज्या गेला, पन काशिराम मला अजून वैनीच बोलतो, आनि मी त्याला नाखवा बोलते. बोट त्याची हाय ना, बोटीच्या मालकाला आमच्यात नाखवा बोलतात. आता त्याचं वय अडुसष्ट. गुडघा गेला म्हनून सा वर्सांपूर्वी तो दर्यावर जायचा थांबला. बोट पोरगा चालवतो, सुरज. आमच्या खाडीत गाळ भरलाय, मोठी बोट आत येत नाय, ती करंजा बंदरात लागते. बोट रंगवायचं काम तेवढं काशिराम अजून कोनाला देत नाय. पावसात मासेमारी बंद असते तवा तो करंज्याला जाऊन बसतो, आनि आपल्या हातानी रंग मारतो.

घरात तो एकटा. बायको साळू तीन वर्सांमागं गेली. मी तिच्या पायाशी बसलेली होते, म्हनून मला सगळं माहीत हाय.

थंडीचे दिवस होते. सुरज दर्यावर, बंदर सोडून चार दिवस झालेले. साळूला दम लागला, डॉक्टर बोलला की आता घरीच ठेवा. तवा बोटीवर नुसता वायरलेस होता. तो थोड्या अंतरापर्यंतच पोचतो, पन एका बोटीनी दुसरीला सांगितलं, दुसरीनी तिसरीला, तर निरोप गेला असता. काशिराम उठलाच होता बंदरावर जायला. साळूनी त्याचा हात धरला. बोलली, "त्याला बोलवू नका. अर्ध्यातनं फिरेल, वाऱ्यात बोट पळवेल. सा पोरं हायत बोटीवर." काशिराम परत बसला. दुसऱ्या दिवशी उजाडताना साळू गेली.

सुरज पाच दिवसांनी आला. आईसाठी एक पापलेट वेगळं बर्फात ठेवलं होतं त्यानी. दारात उभा राहून बापाला विचारलं, "मला का नाय बोलवलंस?"

काशिराम बोलला, "बोलवून काय झालं असतं?"

बस. एवढंच. मी भिंतीच्या अलीकडं कपाळ बडवून घेतलं. अरे माझ्या बाबा, तिनीच नको बोलली असं सांग की! पन नाय सांगितलं. मी नंतर विचारलं तर मला बोलतो, "मेलेल्या बाईवर ढकलू काय, वैनी?" मी सांगायला निघाले तर मला पन शपथ घातली. सांगायचं तर त्यानी सांगायचं, हे पन खरं. मी गप राहिले.

मयन्याभरात सुरज बायकोला, निशाला घेऊन करंज्याला राहायला गेला. बोट सोडली नाय, बाप सोडला. फोन करायचा तो "जाळं फाटलंय", "बर्फ भरला", "उद्या निघतो". मधी "बाबा" पन नाय. तीन वर्सं असं. काशिराम फोन ठेवायचा आनि मला भिंतीतनं ओरडून सांगायचा, "वैनी, बर्फ भरला!" मी बोलायची, "बरं झालं नाखवा." दुसरं काय बोलनार?

यंदा पावसाच्या तोंडाला बोटींवर त्या पांढऱ्या डब्या बसवल्या. सरकारची योजना. जेवनाच्या डब्याएवढी डबी, वर घुमटासारखं गोल झाकन, केबिनच्या टपावर बसते. बंदर सोडून थोडं आत गेलं की मोबाईल मरतो, तो खाली टॉवरवर चालतो. ही डबी आभाळातल्या उपग्रहाशी बोलते. घरी बसून फोनवर लिहायचं, ते वर जातं, वरनं बोटीवर उतरतं. दर्या कितीबी लांब असू दे. पन लिहायला जागा थोडी. चार ओळी, संपलं.

डब्या बसवनारी पोरगी दिपा. मराठवाड्याकडची, खारघरला दोन पोरींबरोबर खोली घेऊन राहते. बारीक अंगाची, पाठीला तिच्याएवढी पिशवी. कोळीवाड्याच्या सोसायटीच्या हॉलमधी येऊन तिनी सगळ्या नाखव्यांना शिकवलं. काशिराम घरी आला तो वेगळाच. डोळे असे लकाकलेले.

"वैनी, तोंडावर बोलायला नको. लिहून बोलता येतं. तो वाचेल तवा मी समोर नसेन."

मला कळलं त्याच्या मनात काय हाय ते.

नारळी पुनव झाली, बोट गेली. दुसऱ्या दिवशी जेवन झाल्यावर काशिराम ओट्यावर फोन घेऊन बसला. चवथी शिकलेला मानूस, एकेक अक्षर बोटानी हुडकत, दुपारच्या चाचं दूध आलं तवा लिहून झालं. मला वाचून दाखवलं. "आई बोलली सुरजला बोलवू नका. वाऱ्यात बोट पळवेल. मी ऐकलं. तुला सांगितलं नाय. चुकलो."

"पाठव," मी बोलले. त्यानी पाठवलं. फोनवर एक बारीक बरोबरची खून उमटली. "गेला," तो बोलला, आनि घाम पुसला.

बारा दिवस उत्तर नाय. बोट आली, काशिराम करंज्याला गेला. सुरज टोपल्या उतरवत होता. बापाकडं बघितलं आनि बोलला, "डिझेलवाल्याला सांगितलंय." काशिराम तसाच माघारी आला. दुसऱ्या फेरीला परत तेच लिहिलं, तेच शब्द. परत नाय. तिसऱ्या फेरीला पन नाय.

तुला वाटेल, विचारायचं ना तोंडावर, पोचला का म्हनून? असं ते बाप-लेक नायत. विचारलं आनि तो बोलला, "हो, वाचला," आनि परत टोपली उचलली, तर? काशिराम तेवढ्यालाच घाबरायचा.

मग दिपा कोळीवाड्यात कोनाच्या डबीचं काय बघायला आली तवा त्यानी तिला हाक मारून आनली. माझ्याच ओट्यावर बसवली, कारन त्याच्या घरात साखर नव्हती. मी तांदळाच्या भाकऱ्या भाजत होते, तिला पन एक दिली, सुक्या जवळ्याबरोबर. पोरगी तिखटानी हाय हाय करत खात होती.

काशिराम बोलला, "पोरी, मला एकच सांग. माझा निरोप पोचला का नाय?"

तिनी फोन बघितला. "काका, बोटीवरून पोच आलेली नाही. पण पोचसुद्धा त्याच वाटेनं येते, तीही कधी हरवते. म्हणून नक्की नाही सांगता येत."

"मग तुला सांगता काय येतं?"

"सांगते ना," ती हसली. "पोचायला हवा होता का, ते सांगता येतं. त्याचा हिशोब असतो. डबी बसवायच्या आधी आम्ही तो कागदावर मांडतोच. निघताना किती, वाटेत गेलं किती, शेवटी उरलं किती."

"मांड मग," काशिराम बोलला. माझ्या समोर, भाकरीच्या परातीशेजारी, तिनी कागद पसरला.

बोलली, "आमच्या स्टेशनपासून वर जायचा टप्पा सोपा. आमची छत्री मोठी असते. खरी परीक्षा वरून बोटीपर्यंत यायची. उपग्रहाकडे शक्ती किती, तर धरा जुन्या पिवळ्या बल्बाएवढी."

"बल्ब?" मी बोलले. "एवढं आभाळात चढवलं, आनि एक बल्ब?"

"पण आजी, बॅटरीच्या बल्बामागे चकचकीत वाटी असते ना? तिच्यामुळे उजेड सगळीकडे न सांडता एका बाजूला जातो. तशी वर मोठी वाटी आहे. ते झालं अधिक." तिनी कागदावर अधिक मांडलं. "आता उणे. अंतर छत्तीस हजार किलोमीटर. वाटेत कोणी खात नाही, पण उजेड पसरत जातो. पसरला की आपल्या वाट्याला थोडाच येतो. आमच्या मोजायच्या पद्धतीत तीन उणे म्हणजे अर्धं. आणि ह्या अंतराचे होतात उणे एकशे ब्याण्णव."

काशिराम चवथीवाला, पन फेऱ्यांचे वाटे करन्यात त्याचा हात कोन धरनार नाय. बोलला, "म्हनजे चौसष्ट वेळा अर्धं?"

पोरगी बघतच राहिली. "बरोबर!"

त्यानी परातीतली एक भाकरी उचलली आनि मोडायला लागला. अर्धी. अर्ध्याची अर्धी. पाचव्याला घास झाला, सातव्याला चिमटी, दहाव्याला त्याच्या बोटावर एक कन. तो कन बघत बसला.

"अजून चोपन्न वेळा मोडायची," तो बोलला.

"आता मुंगीला बोलव," मी बोलले. "आनि माझी भाकरी भरून दे."

पोरगी हसली, पन काशिराम नाय हसला. "मग ह्यातनं उरतं काय गो?"

"इतकं थोडं उरतं की त्याला आपल्याकडे नाव नाही. पण काका, आवाज मोठा लागत नाही. गोंगाटाच्या वर राहिला की झालं. डबीला स्वतःची पण कुरकुर असते, आतल्या गरमीची. तिच्यापेक्षा आपला निरोप वर हवा."

हे मात्र मला लगेच कळलं. चाळीस वर्सं मी पनवेलच्या मासळी बाजारात बसले. पहाटे बाजार रिकामा असतो, तवा कोनी कुजबुजलं तरी ऐकू येतं, कोलबी कशी दिली. अकरा वाजता तीच बाई बोंबलली तरी नाय कळत. बाईचा आवाज तोच हाय, गोंगाट वाढला. मी असं बोलले, तर दिपानी माझा हातच धरला. "आजी, आमच्या सरांना एवढं सोपं नाही जमलं."

मग तिनी बाकीचं मांडलं. तारेत थोडं जातं, जोडावर थोडं, पावसात थोडं, बोट डोलते त्यात थोडं. सगळं वजा केलं, डबीचं अधिक केलं, गोंगाटाशी ताडून बघितलं. खाली एक आकडा लिहिला आनि त्याला गोल केला. पाच.

"पाच शिल्लक. म्हणजे लागतं त्याच्या तिप्पट. भरपूर झालं, काका. पोचायला हवा."

ती आपली खूश. काशिरामचा चेहरा मात्र विझला.

"म्हनजे पोचला," तो बोलला.

"पोचायला हवा," दिपा बोलली. "दोन्हीत फरक आहे, काका."

पन त्यानी ऐकलंच नाय. कागद मागून घेतला, घरी नेला आनि खिळ्याला टोचून ठेवला.

त्यानंतर त्यानी लिहायचं सोडलं. माझ्याशी बोलायचं पन जवळजवळ सोडलंच. मी भिंतीवर थाप मारायची, "नाखवा, जेवलास?" तिकडनं नुसतं "हं." खोकला आला तरी दाबून काढायचा, मला कळायचं, ताटली हलत नव्हती. एकदा कालवन घेऊन गेले तर खुर्ची कागदासमोर ओढून बसलेला. बोलला, "वैनी, आभाळानी आपलं काम केलं. एवढ्या लांबनं आनून पोचवलं. दोन हातांवर आल्यावर पोरानी घेतलं नाय."

मी कालवन खाली ठेवलं. मला पन तसंच वाटायला लागलं होतं. सुरज तसा मनाचा वाईट नाय. लहानपनी माझ्या मांडीवर झोपायचा. तरी तीनदा वाचून गप बसला असेल तर राग किती असेल!

दसरा गेला. दिवाळीला निशानी फराळाचा डबा पाठवला कोनाच्या तरी हातानी, सोबत चिठ्ठी नाय, काय नाय. काशिरामनी डबा उघडला नाय. मीच उघडून करंज्या वाटून टाकल्या, नायतर मुंग्यांनी खाल्ल्या असत्या. पयलं तो बोट यायच्या दिवशी करंज्याला जायचा. आता ते पन बंद. दारात बसायचा, समोरच्या गल्लीतनं स्कूटर गेली की मान वर, परत खाली.

दिवाळीनंतर दिपा आली. ओट्यावर बसली पन नाय, उभ्यानीच बोलली, "काका, तुमची बोट आम्हाला नीट ऐकू येत नाही. डबी दर थोड्या वेळानं 'मी इथे आहे' एवढंच सांगत असते. बाकीच्या बोटींचं शंभरातलं शंभर येतं. तुमचं दोन-चार. कुठेतरी गळती आहे. आज बोट बंदरात आहे, चला."

"कागदावर पाच शिल्लक हाय," काशिराम बोलला. कागदाची बाजू घेऊन बोलला बघ!

"कागदावर आहे. बोटीवर बघू या."

त्याला जायचं नव्हतं. मी बोलले, "चल नाखवा, मला सुके बोंबील आनायचे हायत." तसा निघाला. सुरज बर्फासाठी गेला होता, बोटीवर एकटा खलाशी जाळं शिवत होता. पोरगी पिशवी घेऊन टपावर चढली. तिच्याकडं मोजायचं यंत्र होतं आनि पिशवीत एक नवी डबी. नवी डबी तिनी जुनीच्या बाजूला ठेवली, तीच तार, तोच जोड. मोजलं. वरनं ओरडली, "नवी बरोबर ऐकते! जुनी चौदा कमी ऐकते!"

"म्हनजे डबी खराब?" काशिराम खालनं.

ती गुडघ्यावर बसली. वाकून जुन्या डबीचं झाकन नखानी खरवडलं. मग आमच्याकडं बघितलं.

"काका, हे झाकण आम्ही पांढरं दिलं होतं."

"मग?" काशिराम बोलला. "नारळी पुनवेला सगळी बोट रंगवली मी. लाल, निळा, सगळं नवं. तेवढं एकच उघडं पांढरं राहिलं होतं. सनाला काय ते तसंच उघडंबोडकं ठेवायचं? डोलकाठीचा चंदेरी उरला होता. त्याचे दोन हात मारले. कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पोराचा निरोप त्यातनं जानार, त्याला मान नको?"

दिपा टपावर खाली बसली. डोकं हातात धरलं. हसते का रडते कळेना.

"काका, चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनियमची पूड असते. तुम्ही डबीवर पातेलं पालथं घातलंत. छत्तीस हजार किलोमीटर येऊन निरोप दोन हात रंगाला आपटून परत जात होता."

खलाशी जाळं टाकून हसायला लागला. मी पन बोलले, "नाखवा, बोट रंगवता रंगवता आभाळ रंगवलंस की!"

काशिराम नाय हसला. त्यानी हळूच विचारलं, "म्हनजे पोचला नाय?"

"नाही, काका. पाचातून चौदा गेले. एकही पोचला नाही."

"तिन्ही नाय?"

"तीनही नाही."

समू, निरोप नाय पोचला म्हनून एवढा खूश झालेला मानूस मी जन्मात बघितला नाय. त्या खलाशाला जाऊन सांगतो, "नाय पोचला! एक पन नाय पोचला!" त्या बिचाऱ्याला काय समजनार. बंदरावरच्या बायका बघायला लागल्या. तो बर्फाच्या पेटीवर बसला आनि तोंड टॉवेलात घालून बराच वेळ तसाच राहिला. मी पाठीवर हात ठेवला तर पाठ हलत होती.

दिपानी नवं झाकन बसवलं. घरचा तो कागद काशिरामनी खिशात आनला होता, त्यावर तिनी खाली एक ओळ वाढवली. रंग, उणे चौदा. बोलली, "चूक माझी पण आहे. वारा, पाऊस सगळं विचारलं, रंगाचं विचारायचं सुचलंच नाही." मग डबीकडं बोट दाखवून दम दिला, "कुंकू डबीखालच्या नळीला लावा. झाकणाला हात नाही लावायचा. तेल नाही, रंग नाही, हळद नाही." काशिराम मान डोलवत होता.

सुरज यायच्या आधीच आमी निघालो. काशिरामनीच घाई केली.

संध्याकाळच्या भरतीला बोट गेली. मला वाटलं, आता हा सकाळीच लिहायला बसेल. कसलं काय. दोन दिवस फोन हातात धरून बसला, लिहीना.

"बोटं चिकटली काय नाखवा?"

"वैनी," तो बोलला, "आता पोचनारच. आता उत्तर नाय आलं तर रंगावर ढकलता येनार नाय."

त्याचं खरं होतं. दोन मयने तो दुःखात होता, पन आता दोन दिवस त्याला सुख मिळालं होतं, पोरगा रागावलेला नाय असं. ते त्याला हातचं सोडवत नव्हतं. मी बोलले, "किती दिवस पुरवनार ते दोन दिवस?" आनि त्याच्या बाजूला बसले. त्यानी तेच शब्द परत लिहिले. पाठवलं. थोड्या वेळानी फोनवर पयल्या खुनेशेजारी दुसरी खून उमटली. ती आजवर कधी आली नव्हती.

"बोटीची पोच," तो बोलला. आवाज अगदी बारीक.

त्या दिवशी काय नाय. दुसऱ्या दिवशी काय नाय. तो जेवला पन नाय धड. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मासे साफ करत होते, तर भिंतीवर थाप.

"आलं. एकच शब्द हाय. 'वाचलं.'"

"आनि?"

"आनि काय नाय."

तो शब्द त्यानी मला चारदा वाचून दाखवला. तोच शब्द, दर वेळी वेगळा वाचायचा, एकदा रागाचा, एकदा गरीब. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला, फोन पुढं करून. मला वाचता येत नाय हे इसरला होता. मग सुरजनी विचारलेलं त्यानीच वाचलं. "आई शेवटी काय बोलली."

"वैनी, तू होतीस. मला आठवतं तसंच हाय का बघ. मला चुकीचं नाय लिहायचं."

मी होते. उजाडत होतं. साळूनी डोळे उघडले आनि विचारलं, "वारा कुठला हाय?" कोळ्याची बाई ती, दुसरं काय विचारनार. काशिराम बोलला, "मतलई हाय." मतलई म्हनजे जमिनीवरनं दर्यावर जानारा गरीब वारा, त्यात बोटीला भ्या नसतं. साळू बोलली, "मग बरं." आनि मग काय बोलली नाय. पन बाहेर मतलई नव्हता. गल्लीतल्या पताका फाटत होत्या, पत्रे वाजत होते. काशिराम तिच्याशी खोटं बोलला होता.

मी बोलले, "बरोबर आठवतं तुला. लिही. पन ते पत्र्यांचं नको लिहू."

त्यानी लिहिलं, बराच वेळ. मग वाचलं. "वारा कुठला विचारलं. मतलई बोललो. मग बरं बोलली." थांबला. माझ्याकडं न बघता अजून दोन शब्द घातले आनि वाचले. "मतलई नव्हता."

दोन खुना उमटल्या. बोट माघारी येईपर्यंत, सा दिवस, तिकडनं काय आलं नाय. काशिराम करंज्याला गेला नाय, मी पन जा बोलले नाय.

बोट लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारचे दोन-अडीच, सुरज आला. एकटाच. तीन वर्सांनी त्या दारात. मी माझ्या ओट्यावर होते, मला वाकून नमस्कार केला, "बरी हाईस ना काकी," आनि बापाच्या उंबऱ्यावर बसला, आत गेला नाय. काशिरामनी पानी दिलं. पोरगा प्याला. भांडं बाजूला ठेवलं आनि गल्लीकडं बघून बोलला, "त्या सकाळी आमच्याकडं शांत होतं. जाळं ओढत होतो. मतलईच होता तिकडं."

काशिराम बोलला, "हां?"

"हां. पानी अगदी सपाट."

काशिरामनी रिकामं भांडं परत भरून ठेवलं. मी गप, आनि मला गप बसायचं म्हनजे काय ते तुला माहीत हाय. सुरजनी आत बघितलं, आईच्या फोटोकडं, पन उठला नाय. चार वाजता निघाला. काशिराम राहा बोलला नाय, तो राहतो बोलला नाय. गल्लीच्या टोकाला जाऊन मागं बघितलं का, ते मला झाडामुळं दिसलं नाय. काशिरामला दिसलं असेल. त्यानी सांगितलं नाय.

असं नाय की त्यानंतर सगळं गोड झालं. सुरज करंज्यालाच राहतो. काशिराम एकट्यासाठीच भात टाकतो आनि अर्धा मांजरीला जातो. दिपाची बदली झाली कुठं तरी लांब, एकदा फोन आला होता, माझ्या जवळ्याची आठवन काढत होती. आता काशिराम रोज दुपारी पोराला एक ओळ पाठवतो, काय खाल्लं, गुडघा कसा हाय, कोळीवाड्यात कोन आजारी. कधी उत्तर येतं, "बावीस वाव खोल पानी, मासळी कमी," एवढंच. कधी दोन-दोन दिवस येत नाय. मी भिंतीतनं विचारते, "आलं काय नाखवा?"

"नाय आलं," तो बोलतो. "जाळं ओढत असेल."